शीतगृहातील सिंगल-एंडेड सेन्सर डिफरन्शियल इनपुटला जोडताना : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये तापमान, आर्द्रता आणि दाब नोंदवणारी जुनी यंत्रणा बदलण्याचे काम आजपासून हाती घेतले. दोन प्रीकूलिंग कक्ष (साठवणीआधी माल झटपट थंड करण्याच्या खोल्या), दोन शीतकक्ष आणि एक पॅकिंग हॉल एवढा त्याचा पसारा आहे. जानेवारीअखेर द्राक्षांची आवक वाढू लागते आणि मग एप्रिलपर्यंत कक्ष रिकामे मिळत नाहीत, त्यामुळे वायरिंगचे सगळे काम त्याआधी उरकावे लागेल. पॅनेल अंबडच्या कार्यशाळेत बांधायचे आणि तयार करूनच जागेवर न्यायचे, असे ठरले.

जुन्या यंत्रणेत तापमानासाठी एलएम३५ सेन्सर आहेत. हा सेन्सर प्रत्येक अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो आणि त्याला तीन पाय असतात : पुरवठा, आउटपुट आणि ग्राउंड. आउटपुटचा व्होल्टेज त्याच्या स्वतःच्या ग्राउंड पायापासून मोजायचा असतो, म्हणूनच अशा सेन्सरला सिंगल-एंडेड म्हणतात. जुना लॉगरही (सेन्सरचे आकडे नोंदवणारे उपकरण) सिंगल-एंडेडच होता, म्हणजे आलेला सिग्नल तो स्वतःच्या पॅनेलमधल्या ग्राउंडच्या तुलनेत मोजत असे. सेन्सरचा ग्राउंड आणि पॅनेलचा ग्राउंड एकच आहेत, हे त्यात गृहीत धरलेले होते.

व्यवस्थापकांनी जुन्या नोंदींचे आलेख दाखवले. कक्षाचे दार उघडले की तापमान सव्वादोन अंशांच्या आसपास वर जाते आणि दार लावले की खाली येते, असे त्यात दिवसभर दिसते. बाहेरची गरम हवा आत शिरल्याने तसे होत असावे, असा तिथल्या सर्वांचा समज आहे आणि तो वरकरणी पटण्यासारखाही आहे. मात्र आलेखातली चढण मला सरळ उभी दिसली. पितळी नळीत बसवलेला सेन्सर हवेच्या बदलाला इतक्या तडकाफडकी दाद देत नाही. त्याची रेष हळूहळू वाकत वर जायला हवी. गुरुवारी जागेवर जाऊन हे तपासायचे आहे.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

दार बंद ठेवून दाराच्या लिमिट स्विचचा (दार उघडे की बंद हे ओळखणाऱ्या स्विचचा) दांडा हाताने सोडला. कक्षाबाहेरचा 'दार उघडे आहे' हा दिवा लागला आणि त्याच क्षणी तापमानाचा आकडा २.३ अंशांनी वर गेला. दांडा दाबला, दिवा विझला, आकडा खाली आला. आत हवेची झुळूकसुद्धा शिरलेली नव्हती.

जंक्शन बॉक्स उघडल्यावर कारण समोरच होते. दिव्याची आणि सेन्सरची परतीची वायर एकाच टर्मिनलवर आणून तिथून पॅनेलपर्यंत एकच काळी वायर नेलेली आहे. वायर ०.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची असून लांबी सुमारे ३० मीटर आहे. अशा तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ३९ ओहमपर्यंत असतो, म्हणजे ३० मीटरला सुमारे १.१७ ओहम. दिवा २० मिलिअँपिअर घेतो. या प्रवाहाने वायरच्या दोन टोकांमध्ये २३ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि जंक्शन बॉक्समधला 'शून्य' पॅनेलमधल्या शून्यापेक्षा तेवढा वर उचलला जातो. सेन्सर आपल्या पायाजवळ बरोबरच व्होल्टेज देत असतो, पण लॉगर तो २३ मिलिव्होल्टने वाढवून वाचतो. एलएम३५च्या हिशेबात हे बरोबर २.३ अंश होतात.

सेन्सरचा स्वतःचा प्रवाह जेमतेम ६० मायक्रोअँपिअर असतो. तो एकटा त्या वायरवर असता, तर फरक ०.१ मिलिव्होल्टच्या आतच राहिला असता आणि ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. थोडक्यात, सेन्सरमध्ये किंवा लॉगरमध्ये बिघाड नाही. दोष एकाच वायरवर दोन कामे टाकण्यात आहे. जी वायर प्रवाह वाहून नेते, तिच्याच टोकाला मोजमापाचा शून्य मानला गेला आहे.

व्यवस्थापकांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, की मग आजवर दार उघडताना माल तापतो म्हणून आम्ही कामगारांना रागावत होतो, ते विनाकारण होते का? दार उघडल्याने हवा तापतेच, तेव्हा दार लवकर लावण्याचा आग्रह चुकीचा नाही. मात्र आलेखावरचा तो आकडा हवेचा नव्हता, असे मी सांगितले.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

नव्या यंत्रणेसाठी एडीएस१११५ हा १६ बिटांचा कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा देणारी चिप, निवडला. एका चिपला चार इनपुट असतात. ते चार सिंगल-एंडेड म्हणून वापरता येतात किंवा दोन-दोनच्या जोड्या करून दोन डिफरन्शियल म्हणून. डिफरन्शियल पद्धतीत चिप अधिक टोक आणि वजा टोक यांच्यातला फरक मोजते. दोन्ही टोके मिळून ग्राउंडपेक्षा किती वर आहेत, याच्याशी तिला जवळपास कर्तव्य नसते. या दोन्ही टोकांना सारख्याच प्रमाणात वर उचलणाऱ्या व्होल्टेजला कॉमन मोड म्हणतात. जंक्शन बॉक्समधला २३ मिलिव्होल्टचा उचल हा नेमका असा कॉमन मोड आहे.

मात्र डिफरन्शियल इनपुट विकत घेतल्याने काम आपोआप होत नाही. वजा टोक पॅनेलमध्येच ग्राउंडला जोडले, तर महाग चिप घेऊनही मोजमाप पुन्हा सिंगल-एंडेडच होते आणि तो २३ मिलिव्होल्ट जसाच्या तसा आकड्यात राहतो. अनेक पॅनेलांत मी हेच पाहिले आहे, कारण दोन टर्मिनलांमध्ये छोटा लूप टाकणे सोपे असते आणि टेबलावर चाचणी घेताना आकडा बरोबरच येतो. वजा टोकाची वायर थेट सेन्सरच्या ग्राउंड पायापासून, स्वतंत्रपणे आणली पाहिजे आणि तिच्यातून पुरवठ्याचा प्रवाह जाता कामा नये. प्रत्येक सेन्सरच्या बाबतीत आधी एकच प्रश्न विचारायचा, असे या कामासाठी ठरवले आहे : याचा शून्य नेमका कुठे आहे? त्या जागेपासून वजा वायर निघेल.

वजा टोक मोकळे सोडणे तर मुळीच चालत नाही. मोकळे टोक आसपासच्या वीजवाहिन्यांमधून येईल ते पकडते आणि आकडा वाटेल तसा भटकतो.

दुसरी मर्यादा कागदावर ठळक लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवणार आहे. या चिपची मापन-श्रेणी ±२.०४८ व्होल्ट असली, तरी त्यातल्या वजा चिन्हाचा अर्थ 'दोन टोकांतला फरक वजा असू शकतो' एवढाच आहे. कोणतेही एक टोक चिपच्या ग्राउंडपेक्षा ०.३ व्होल्टहून अधिक खाली किंवा तिच्या पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टहून अधिक वर गेले, तर चिपच्या आतले संरक्षक डायोड वाहू लागतात. ±६.१४४ व्होल्टची श्रेणी निवडली म्हणून ५ व्होल्टवर चालणारी चिप ६ व्होल्ट मोजू शकत नाही. श्रेणी म्हणजे आकडे वाचण्याची पट्टी आहे, ती सहनशक्ती नव्हे.

आता शीतकक्षाचा खरा पेच. द्राक्षे ० अंशाच्या आसपास ठेवली जातात आणि हवेचे तापमान शून्याखाली घसरले, तर ते ताबडतोब कळणे गरजेचे असते, कारण मणी गोठण्याचा धोका तिथेच सुरू होतो. साध्या जोडणीत एलएम३५ला ग्राउंडखाली जाता येत नाही. एकेरी पुरवठ्यावर त्याचा आकडा २ अंशांपर्यंतच विश्वासार्ह असतो. म्हणजे ज्या दोन अंशांसाठी हे सगळे चालले आहे, तिथेच सेन्सर आंधळा होतो. वजा पुरवठा वेगळा द्यायचा, हा एक मार्ग आहे. त्यापेक्षा सुटसुटीत मार्ग सेन्सरच्या निर्मात्यानेच माहितीपत्रकात दिलेला आहे : ग्राउंड पाय आणि खरा ग्राउंड यांच्यामध्ये दोन १एन९१४ डायोड ओळीने जोडायचे आणि आउटपुटपासून खऱ्या ग्राउंडला १८ किलोओहमचा रेझिस्टर द्यायचा. डायोडमुळे सेन्सरचा ग्राउंड पाय सुमारे एक व्होल्ट वर उचलला जातो. तापमान शून्याखाली गेले, की आउटपुट त्या उचललेल्या पायापेक्षा खाली येतो, पण खऱ्या ग्राउंडच्या वरच राहतो.

जुन्या लॉगरला असा सेन्सर वाचताच आला नसता, कारण डायोडवरचा तो एक व्होल्ट तापमानाबरोबर बदलतो आणि सिंगल-एंडेड मोजमापात तो सगळा आकड्यात मिसळतो. डिफरन्शियल इनपुटला मात्र तो निव्वळ कॉमन मोड आहे. इथे ग्राउंड पाय मुद्दाम उचललेला आहे, तिकडे दिव्यामुळे तो नकळत उचलला गेला होता. उपाय दोन्हींचा एकच आहे. हे जुळून आल्याचे मला मनापासून समाधान वाटले.

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

बुधवारी विधानसभेचे मतदान असल्याने कार्यशाळा बंद होती. साहित्य काल एमजी रोडवरून आणले. दुकानांत सहज मिळतो तो एलएम३५डीझेड आणि त्याची हमी ० ते १०० अंशांपुरतीच असते. आपल्याला शून्याखालचे वाचायचे असल्यामुळे शीतकक्षांसाठी एलएम३५सीझेड मागवला आहे, त्याची मर्यादा उणे ४० ते ११० अंश आहे. पॅकिंग हॉलसाठी डीझेड पुरेसा आहे. १एन९१४च्या जागी १एन४१४८ घेतले; या कामात दोन्हींत फरक पडत नाही.

आज टेबलावर जोडणी करून पाहिली आणि मागच्या नोंदीतल्या आराखड्यात तीन गोष्टी जोडल्या.

पहिली गोष्ट पुरवठ्याची. एलएम३५ला स्वतःच्या दोन पायांमध्ये किमान ४ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टचा पुरवठा दिला आणि त्यातला एक व्होल्ट डायोडने खाल्ला, तर काठावरचे ४ व्होल्टच उरतात. त्यातच थंडीत डायोडवरचा व्होल्टेज आणखी वाढतो, दर अंशाला दर डायोडमागे सुमारे २ मिलिव्होल्ट. म्हणून सेन्सरांना १२ व्होल्ट द्यायचे ठरवले.

दुसरी गोष्ट केबलच्या धारकतेची (कपॅसिटन्सची). एलएम३५ लांब केबलवर नीट चालत नाही. ५० पिकोफॅरडपेक्षा अधिक भार आला, तर तो आंदोलित होऊ शकतो, म्हणजे त्याचा आउटपुट आपोआप वरखाली होत राहतो, आणि शील्डेड केबलचे काही मीटरच तेवढा भार देतात. आउटपुट पायाजवळ, म्हणजे केबलच्या आधी, २ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की सेन्सर केबलपासून सुटा होतो. पण हा रेझिस्टर फक्त अधिक वायरवर ठेवला, तर दोन्ही वायरींचा रोध असमान होतो. ±२.०४८ व्होल्टच्या श्रेणीत चिपच्या प्रत्येक इनपुटचा ग्राउंडकडचा रोध सुमारे ६ मेगाओहम असतो. त्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहामुळे, एक व्होल्टचा कॉमन मोड असताना, २ किलोओहमच्या असमानतेतून सुमारे ०.३ मिलिव्होल्टची चूक तयार होते. ती ०.०३ अंश एवढीच असली, तरी फुकटात टाळता येते : वजा वायरवरही सेन्सरजवळ २ किलोओहमच टाकायचा. डिफरन्शियल जोडणीत दोन्ही वाटा एकसारख्या ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट संरक्षणाची. पॅनेलमध्ये प्रत्येक इनपुटच्या आधी २.२ किलोओहम घातला आहे. चुकून २४ व्होल्टची वायर सिग्नलला टेकली, तरी चिपमध्ये साडेआठ मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह शिरेल, आणि १० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडली जाणार नाही. दोन्ही इनपुटांमध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि प्रत्येक इनपुटपासून ग्राउंडला त्याच्या दशांश, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. ग्राउंडकडचे दोन कपॅसिटर कधीच तंतोतंत सारखे नसतात. मधला दसपट मोठा असला, की त्यांच्यातला फरक झाकला जातो.

श्रेणीच्या निवडीवर सहकाऱ्याशी बरीच चर्चा झाली. त्याचे म्हणणे असे, की सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, तेव्हा ±०.५१२ व्होल्टची बारीक श्रेणी घ्यावी. पण त्या श्रेणीत चिपच्या दोन इनपुटांमधला रोध ७१० किलोओहमवर उतरतो, तर ±२.०४८ व्होल्टला तो ४.९ मेगाओहम असतो. आपल्या दोन्ही वायरींवर मिळून ८.४ किलोओहम ओळीने आहेत. बारीक श्रेणीत त्यामुळे आकडा १.२ टक्क्यांनी कमी येईल, ४० अंशांना जवळजवळ अर्धा अंश. मोठ्या श्रेणीत ही घट ०.१७ टक्केच राहते. मोठ्या श्रेणीतही एक पायरी, म्हणजे चिपला कळणारा सर्वांत लहान बदल, ६२.५ मायक्रोव्होल्टची असते, म्हणजे एका अंशाला १६० पायऱ्या मिळतात. त्याहून बारीक वाचून सेन्सरच्या स्वतःच्या अचूकतेपलीकडे काहीच हाती लागत नाही. ±२.०४८ व्होल्टच कायम केले.

आज्ञावलीत आकडा चिन्हासह १६ बिटांचा म्हणून वाचला पाहिजे, हेही इथे नोंदवतो. उणे अर्धा अंश म्हणजे उणे ८० पायऱ्या. चिन्ह विसरले तर तोच आकडा ६५,४५६ असा दिसेल.

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पॅकिंग हॉलचे काम सोपे निघाले. तिथले तीन सेन्सर एकाच जंक्शन बॉक्सभोवती आहेत, तापमान शून्याजवळ जाण्याचा प्रश्न नाही आणि त्यांचा शून्यही एकच आहे. एडीएस१११५मध्ये पहिले तीन इनपुट प्रत्येकी चौथ्याच्या तुलनेत मोजण्याची सोय असते. त्यामुळे बॉक्समधल्या समाईक ग्राउंडपासून एकच स्वतंत्र वजा वायर आणून ती चौथ्या इनपुटला दिली. पुरवठ्याची परतीची वायर वेगळी आहे.

कॉम्प्रेसरच्या सक्शन दाबाचा ट्रान्समीटर दोन वायरींचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे तो दाब व्होल्टेजऐवजी प्रवाहातून कळवतो. प्रवाह वायरीच्या रोधाने बदलत नाही, म्हणून त्याचे मोजमाप पॅनेलमध्येच १०० ओहमच्या अचूक रेझिस्टरवर केले : ०.४ ते २ व्होल्ट. हा रेझिस्टर लूपच्या ग्राउंडकडच्या टोकाला ठेवला, नाहीतर इनपुटवर २४ व्होल्टच्या जवळपासचा कॉमन मोड आला असता. इथेही दोन्ही इनपुट थेट रेझिस्टरच्या पायांवरून घेतले, टर्मिनल पट्टीवरून नव्हे. या चॅनेलला ±४.०९६ व्होल्टची श्रेणी दिली, कारण ±२.०४८ व्होल्टमध्ये २०.४८ मिलिअँपिअरवरच आकडा छताला टेकतो आणि बिघाड कळवण्यासाठी ट्रान्समीटरने पाठवलेले २१ मिलिअँपिअर ओळखू येत नाहीत.

आर्द्रतेच्या ट्रान्समीटरने मात्र दिवसाचा बराच वेळ घेतला. तो ० ते १० व्होल्ट देतो आणि शीतकक्षाच्या बाहेर लावलेल्या स्वतःच्या दोन पिनांच्या २४ व्होल्ट अडॅप्टरवर चालतो. अडॅप्टरचे वजा टोक आणि अर्थिंग यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर ९० व्होल्टच्या आसपास एसी दिसले. शेजारी उभे असलेले वायरमन दादा दचकून मागे सरकले, ते साहजिकच होते. अडॅप्टर बिघडलेला नव्हता. अशा स्विचिंग अडॅप्टरमध्ये मुख्य वाहिनीच्या बाजूपासून आउटपुटकडे एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो आणि आउटपुट अर्थिंगला कुठेच बांधलेला नसतो, म्हणून तो अधांतरी राहतो आणि जास्त रोधाचा मल्टिमीटर मोठा आकडा दाखवतो. त्यातून वाहू शकणारा प्रवाह मात्र मायक्रोअँपिअरमध्येच असतो.

अशा अधांतरी स्रोताचे वजा टोक इनपुटला नुसते जोडून भागत नाही. दोन्ही टोके पॅनेलच्या ग्राउंडच्या जवळ राहतील अशी वाट करून द्यावी लागते. १० ते १०० किलोओहमचा रेझिस्टर वजा टोकापासून ग्राउंडला द्यावा, हा नेहमीचा संकेत आहे आणि थर्मोकपलसाठी तो योग्यच आहे. इथे हिशेब करून पाहिला. अडॅप्टरमधला कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून जास्तीत जास्त १६० मायक्रोअँपिअरपर्यंत प्रवाह येऊ शकतो. १० किलोओहमवर त्याचे १.६ व्होल्ट होतात आणि दर आवर्तनात इनपुट ग्राउंडच्या खाली खेचला जातो. १०० ओहमवर तेच १६ मिलिव्होल्ट राहतात, जे डिफरन्शियल इनपुट सहज वजा करतो. म्हणून १०० ओहम बसवला. थेट जोड दिला नाही, कारण पुढे कधी कोणी त्या ट्रान्समीटरची बाजू अर्थ केली, तर दोन अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाला हा रेझिस्टर थोडा तरी आवर घालेल.

१० व्होल्टचे २ व्होल्ट करण्यासाठी ४० आणि १० किलोओहमचा विभाजक सिग्नल वायर आणि वजा वायर यांच्यामध्येच टाकला, सिग्नल आणि पॅनेल ग्राउंड यांच्यामध्ये नव्हे. त्यामुळे विभाजन फक्त फरकाचे होते. विभाजकातून ०.२ मिलिअँपिअर वजा वायरवर जातात, पण ३० मीटरवर त्याचा परिणाम पाव मिलिव्होल्टही नाही आणि १० व्होल्टच्या मापनात तो दिसणारही नाही.

९ डिसेंबर २०२४, सोमवार

केबल ओढण्याचे काम सुरू झाले. निफाड परिसरात थंडी वाढते आहे आणि सकाळी पत्र्याच्या छताखाली हात गारठतात, तरी मंडळींनी वेळेत सुरुवात केली.

सेन्सरसाठी तीन वायरींच्या जुन्या केबलऐवजी दोन पिळलेल्या जोड्यांची शील्डेड केबल टाकली. एक जोडी पुरवठा आणि त्याची परती, दुसरी जोडी सिग्नल अधिक आणि सिग्नल वजा. जोड्या अशाच राहिल्या पाहिजेत. पुरवठ्याची एक आणि सिग्नलची एक अशी गाठ घातली, तर पिळाचा उपयोग संपतो, कारण शेजारच्या मोटार केबलमुळे निर्माण होणारा व्होल्टेज दोन्ही सिग्नल वायरींत सारखा यावा, यासाठीच तो पीळ असतो.

वायरमन दादांनी विचारले, "साहेब, परतीची वायर एक आहेच की, ही दुसरी कशाला ओढायची? दोन्ही तर तिकडे एकाच जागी जोडायच्या आहेत." मी त्यांना मल्टिमीटर दिला आणि जुन्या काळ्या वायरीची दोन टोके, दिवा लावून आणि विझवून, मोजायला सांगितली. २३ मिलिव्होल्टचा आकडा त्यांनी स्वतः पाहिला. नंतर शीतकक्ष १ मध्ये वजा वायर चुकीच्या टर्मिनलवर, डायोडच्या खालच्या बाजूला, लागली होती, ती माझ्या आधी त्यांनाच दिसली. डायोडच्या वरच्या टोकाला, म्हणजे सेन्सरच्या पायालाच ती लागली पाहिजे. खाली लागली तर तापमान शंभर अंशांनी जास्त दिसते.

जंक्शन बॉक्स उघडत गेलो तसे तांब्याची टोके काळी पडलेली आढळली. द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड ठेवतात आणि कक्षातली आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखतात. वायू आणि ओल एकत्र आले, की टर्मिनल खाल्ली जातात आणि सांध्याचा रोध वर्षागणिक वाढत जातो. जुन्या जोडणीत हा वाढता रोध थेट तापमानाच्या आकड्यात उतरत असणार. नव्या जोडणीत सिग्नलच्या जोडीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून सांध्याचा रोध काही ओहमांनी वाढला तरी आकडा हलत नाही. धोका उलट बाजूने येऊ शकतो : ओलाव्यामुळे दोन टर्मिनलांमध्ये गळती झाली, तर २ किलोओहमच्या पुढे ती जाणवू शकते. म्हणून शीतकक्षांतले बॉक्स कक्षाबाहेर घेतले, डायोड आणि रेझिस्टर सेन्सरच्या नळीतच इपॉक्सीत बंद केले आणि टोकांना कल्हई केलेल्या फेरूल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लावल्या.

शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केली. सेन्सरच्या टोकाला ती कापून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवले. शील्डला सिग्नलची परतीची वायर म्हणून वापरायचे नाही, हे वायरिंगच्या आराखड्यावरही लिहिले आहे.

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

चाचण्या घेतल्या. सर्वांत आधी प्रत्येक केबलच्या सेन्सरकडच्या टोकाला, सेन्सर न लावता, सिग्नल अधिक आणि वजा एकमेकांना जोडून ते पुरवठ्याच्या परतीच्या वायरला टेकवले. अशा वेळी आकडा शून्य यायला हवा आणि जे काही वेगळे दिसेल ते सगळे वायरिंगचे असते, सेन्सरचे नव्हे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्याइतके स्वच्छ उत्तर दुसरी कोणतीही देत नाही.

तीन केबलींवर आकडा शून्याभोवती एक-दोन पायऱ्याच हलला. शीतकक्ष २ ची केबल मात्र इव्हॅपोरेटरचे (कक्षातली हवा थंड करणाऱ्या भागाचे) पंखे सुरू होताच चाळीस-पन्नास पायऱ्या इकडेतिकडे जाऊ लागली, म्हणजे पाव अंशाहून अधिक. ते पंखे व्हीएफडीवर (वारंवारता बदलून मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर) चालतात. केबलच्या ट्रेमध्ये पाहिले, तर आमची केबल काही मीटर अंतर पंख्याच्या मोटार केबलला चिकटून नेलेली होती. चिपची कॉमन मोड नाकारण्याची क्षमता कमी वारंवारतेला उत्तम असते, पण व्हीएफडीच्या किलोहर्ट्झमधल्या धारदार स्पंदांपुढे ती तशी टिकत नाही. तिथे अंतर हाच उपाय. केबल काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने स्वतंत्र पाइपातून नेली आणि जिथे मोटार केबल ओलांडावी लागते तिथे काटकोनात ओलांडली. संध्याकाळी पंखे चालू असताना आकडा तीन पायऱ्यांच्या आत राहिला.

राहिलेल्या ५० हर्ट्झसाठी दर वाचन एक सेकंदाच्या सरासरीने घेतो. एका आवर्तनाचे २० मिलिसेकंद धरून तंतोतंत तेवढीच सरासरी घेण्याचा विचार होता, पण या चिपचा अंतर्गत घड्याळ-वेग दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून बारीक जुळवाजुळव सोडून लांब सरासरी घेतली. शीतकक्षाच्या हवेला एका सेकंदाची घाई नसते.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सेन्सर बसवून बर्फाची चाचणी घेतली. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि त्याच्या फटी भरतील एवढेच पाणी घेतले. पाणी जास्त झाले, की तळाशी शून्यापेक्षा गरम थर साचतो, म्हणून नळ्या बर्फात रुतवून मधूनमधून ढवळत राहिलो. चारही सेन्सर अर्ध्या अंशाच्या आत आले. प्रत्येकाचा शून्यावरचा फरक आज्ञावलीत नोंदवून वजा केला. त्यानंतर बर्फात मीठ घालून तापमान खाली नेले आणि आकडा शून्य ओलांडून उणे तीन-चार अंशांपर्यंत सलग उतरताना पाहिला. शून्याजवळ कुठे अडला नाही किंवा उडी मारली नाही. डायोडची जोडणी ज्यासाठी केली होती, ते इथे सिद्ध झाले.

मग शीतकक्ष १ चे दार बंद ठेवून लिमिट स्विचचा दांडा पुन्हा हाताने सोडला. दिव्याची वायर अजून तीच आहे, तिच्यावर २३ मिलिव्होल्ट अजूनही पडतात. तापमानाच्या आकड्यात एका पायरीचाही बदल दिसला नाही. नंतर दार खरोखर उघडून दोन मिनिटे तसेच ठेवले. या वेळी रेष हळूहळू वाकत वर गेली आणि दार लावल्यावर तशीच सावकाश उतरली. व्यवस्थापकांनी तो आलेख मागून घेतला.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला जोडणीचा आराखडा लावला आहे. त्यात प्रत्येक चॅनेलसमोर वजा वायर नेमकी कुठून येते ते लिहिले आहे : सेन्सरचा पाय, बॉक्समधले समाईक ग्राउंड, १०० ओहमच्या रेझिस्टरचे खालचे टोक किंवा ट्रान्समीटरचे वजा टर्मिनल. पुढे कोणी सेन्सर बदलेल तेव्हा त्याला हाच रकाना आधी वाचावा लागेल.

शिल्लक काम एवढेच : प्रीकूलिंग कक्ष २ मधल्या केबलचे ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला घट्ट बसणारा जोड) सैल आहे, ते आवक सुरू होण्याआधी बदलायचे, आणि हंगाम संपल्यावर, कक्ष रिकामे झाले की, सगळ्या नळ्या पुन्हा बर्फात घालून शून्याचे फरक तपासायचे.